भोवळ आलेल्याला उठवून बसवू नका

‘कुणी चक्कर येऊन पडलं तर घाबरू नका’ अशा सुरुवातीचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले सल्ले असे: माणसाला लगेच उठवून बसवा, तोंडात साखरपाणी घाला, हातपाय झटकले तर फिट समजा, आणि शुद्ध आली की विषय संपला, अशक्तपणाच असतो, एक सलाईन लावलं की झालं. ‘घाबरू नका’ एवढं मला मान्य आहे. बाकीचं नाही.

आधी उठवून बसवण्याबद्दल. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी रक्तवाहिन्या आवळून, ठोके थोडे वाढवून शरीर तोल सांभाळतं. साध्या भोवळीत नेमकं उलटं होतं: रक्तवाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात, मेंदूला रक्त पुरत नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. अशा वेळी आडवं होणं हाच उपचार असतो. एका कार्यक्रमात बराच वेळ उभी असलेली एक मुलगी कोसळताना मी पाहिली. दोघांनी तिला काखेत हात घालून उभं धरलं होतं, तिसरा गालावर चापट्या मारत होता. चेहरा पांढराफटक, मान लोंबलेली, हातांना झटके. ‘सोडा तिला, आडवी करा,’ असं ओरडून मी तिला जमिनीवर झोपवायला लावलं आणि तिचे पाय माझ्या बॅगेवर ठेवले. अर्ध्या मिनिटाच्या आत ओठांवर रंग आला आणि तिने विचारलं, ‘काय झालं?’ तिला उभं धरणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण मेंदूकडे जाणारं रक्त तेच अडवत होते.

ते झटकेही फिटचे नव्हते. मेंदूला रक्त कमी पडलं की भोवळीतही हातपाय काही सेकंद झटकतात. फिट बहुधा मिनिटभर किंवा जास्त चालते, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर माणूस बराच वेळ भांबावलेला असतो. भोवळ आलेला माणूस शुद्धीवर येताच तुम्हाला ओळखतो. हा फरक न कळल्यामुळे काहीजण वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या घेत राहतात. म्हणून पाहणाऱ्याची साक्ष डॉक्टरांना फार मोलाची असते: पडण्याआधी माणूस काय करत होता, चेहरा कसा दिसत होता, किती वेळाने बोलला.

साखरपाणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात घालूच नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय साखर उतरून आलेली बेशुद्धी अशी मिनिटभरात आपोआप सहसा जात नाही. मधुमेही असेल तर साखर तपासा, आणि गोड द्यायचं ते पूर्ण शुद्धीवर आल्यावरच.

मला खरी भीती वाटते ती ‘विषय संपला’ या वाक्याची. अशक्तपणा हे निदान नव्हे. रक्त किंवा सुई पाहून, गर्दीत उकडून, फार वेळ उभं राहून आलेली भोवळ बहुतेकदा निरुपद्रवी असते. पण पळताना किंवा व्यायाम करताना शुद्ध गेली, झोपलेलं असताना गेली, आधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, काहीच चाहूल न लागता माणूस कोसळला, हृदयविकार आधीपासून आहे किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायलाच हवा. तिथे निदान ईसीजी व्हायला हवा, आणि आडवं असताना व उभं राहिल्यावर ३ मिनिटांपर्यंत बीपी मोजायला हवं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर माणूस घेत असलेल्या बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांमुळे तसं होतंय का, हे आधी बघतात. हृदयाचे ठोके मध्येच थांबत असतील तर पेसमेकर लागू शकतो. सलाईन उपयोगी पडतं ते उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालेल्याला. ठोक्यांच्या बिघाडावर त्याचा काहीच उपयोग नाही.

साध्या भोवळीला बहुधा गोळीही लागत नाही. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही चाहूल लागताच आडवं व्हायचं. जागा नसेल तर पायावर पाय टाकून मांड्या घट्ट आवळायच्या आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढायची. बीपी तेवढंच सावरतं, निदान खाली बसायला वेळ मिळतो.

आणि आडवं करूनही मिनिटभरात शुद्ध आली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील तर त्या मिनिटाचीही वाट पाहू नका. रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा.