रस्ता झाला, एसटी कुठंय?

परवा गावी गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि माझी पुतणी दप्तर घेऊन तिथंच उभी. अकरावीला आहे. साडेपाचची गाडी बंद झाल्यापासून ती आणि गावातल्या आणखी पाच-सहा मुली रोज अशाच थांबतात, ओळखीचं कुणी भेटेपर्यंत. नाही भेटलं तर साडेतीन किलोमीटर पायी. पावसाळ्यात तोवर अंधार होतो.

फेरी बंद झाली तेव्हा आगारातून कारण मिळालं, रस्ता खराब आहे, गाडीचे पाटे तुटतात. खरंच होतं ते. मग गावानं दोन वर्षं हेलपाटे घालून रस्ता मंजूर करून आणला. डांबरीकरण झालं, नारळ फुटला. गाडी मात्र आलीच नाही. आता कारण मिळतं, गाड्या कमी आहेत आणि या मार्गावर भारमान, म्हणजे पुरेसे प्रवासी, मिळत नाही.

पोरीच्या दप्तरात अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास आहे. आईला ७५ पूर्ण झाल्यात, २०२२ पासून तिला एसटी फुकट आहे. वहिनीला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. तिन्ही निर्णय चांगले आहेत, मनापासून सांगतो. पण ते गाडीत बसल्यावर लागू होतात, आणि आमच्या घरातल्या तिघींनाही फाट्यापर्यंत चालत जावं लागतं.

रस्त्याचा पैसा कसा येतो ते या निमित्तानं समजून घेतलं. नवीन कामाला ५०५४, देखभालीला ३०५४, ही लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातले खर्चाच्या खात्यांचे नंबर, गावच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ असतात. सगळी धावपळ पहिल्यासाठी. साइडपट्टी भरा, रस्त्याखालची मोरी उपसा, यासाठी मुंबईला कुणी जात नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, ती अट मला फार शहाणपणाची वाटते. पण त्या योजनेतलं डांबर असतं पावणेचार मीटर रुंद, कधी त्याहूनही कमी. एसटीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि आमच्याकडे पहिल्याच पावसात साइडपट्टी वाहून गेली. गावात गाडी वळवायला जागाही ठेवलेली नाही. ज्यानं अंदाजपत्रक केलं त्याच्या डोळ्यांसमोर बस नव्हतीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. गावाच्या रस्त्याला निधी देताना त्यावरून गाडी कोणती, किती वाजता जाणार, हे आगाराकडून लेखी घ्या आणि ते मंजुरीच्या कागदांतच जोडा. वळणाची जागा, साइडपट्टी, निवारा अंदाजपत्रकात धरा. आणि फेरी तोट्यात जात असेल तर तो तोटा जिल्हा नियोजनाच्या निधीतून भरून द्या. हे काही जगावेगळं नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी सरकारी पैशातूनच गाड्या दिल्या आहेत. आमचा तालुका त्यात बसत नाही, म्हणून आमच्या मुलींनी रात्री चालायचं का?

तोटा, तोटा म्हणून एसटीला ऐकवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की तिच्या तिकिटातून राज्य सरकार वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. गरिबातला गरीब प्रवासी तो भरतो. रस्त्यावर त्याचा हक्क स्वतःची गाडी असलेल्यापेक्षा कमी कसा?

सोमवारी आगारात निवेदन द्यायला जातोय. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि कॉलेजला जाणाऱ्या सगळ्या मुलींच्या वेळांचा तक्ता जोडलाय. गावातल्यांनी रविवारी संध्याकाळी पारावर सहीला या. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी घरी फोन करून आपापल्या आई-वडिलांना तेवढं सांगा.