ज्युसी लुसी खावी ती मॅट्सचीच!

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या बर्गरांवरचा एक लेख वाचला; त्यात मॅट्स बार आणि ५-८ क्लब हे दोन बर्गरवाले एकाच ओळीत उरकलेत, हे काही पटलं नाही. दोघंही सीडर अ‍ॅव्हेन्यूवर, आणि चीज पोटात भरलेली ज्युसी लुसी मूळची आमचीच, असं दोघंही ठणकावून सांगतात. माझं मत मॅट्सला. दोन पातळ पॅटींच्या कडा दाबून आत चीज बंद, वर परतलेला कांदा, बास! ओबामाही २०१४ मध्ये इथेच जेवून गेले. फक्त घाई नको, पहिल्याच घासाला वितळलेलं चीज टाळू भाजतं. पोरंबाळं बरोबर असतील तर मात्र सरळ ५-८ गाठा. आणि हो, मूळ बर्गर दोन्हीकडे गोमांसाचा, हे लेखात यायला हवं होतं. आपली बरीच मंडळी आधी तेच विचारतात.