पलंग खिडकीशी हलवा

आजारपणात खोलीची मांडणी बदलली की माणूस लवकर सावरतो, असं एका लेखात वाचलं आणि शंभर टक्के पटलं. संशोधक रॉजर उलरिक यांचा १९८४चा अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते पेशंट समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली.

मला कावीळ झाली तेव्हा बहिणीने टीव्ही बाहेरच्या खोलीत नेला, जाड पडदे काढून जुन्या सुती साडीचे लावले आणि पलंग खिडकीशी सरकवला. बाहेर शेवग्याचं झाड. त्याच्या वाळक्या फांदीला तांबट पक्षी खालच्या बाजूने भोक पाडत होता. थोडं टोचायचं, चोचीत भुसा धरायचा, मान झटकून टाकायचा, पुन्हा टोचायचं. उठून बसायची ताकद नव्हती, पण उशीला टेकून ते बघण्यात सकाळ जायची. वहीत दोन ओळी लिहायला लागले, मग भूकही लागायला लागली. (औषध आणि पथ्य चालू होतंच, ते सोडू नये.)

एक मात्र कळकळीने सांगते. पक्षी दिसावेत म्हणून कबुतरांना दाणे टाकू नका. त्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना सूज येऊ शकते, आणि दम्याच्या पेशंटला तर जास्तच त्रास. त्यापेक्षा मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. बुलबुल, दयाळ आपणहून येतात.