धूर कुठे जातो, ही चिंता शेजाऱ्यांवर सोडा

अभिनंदन! ४० वॅटचा लेझर कटर घरी आला, एमडीएफचे बोर्ड सोफ्यामागे उभे राहिले, आणि मावसबहिणीने गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरी परस्पर घेऊनही टाकल्या. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीबाप्पा तुमच्याच वाटेकडे डोळे लावून होते. आता उरला धूर, कारण लेझर बोर्ड जाळतच कापतो. सगळं बजेट वॅटमध्ये संपलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. हवा फुकट असते, तिच्यावर कोण खर्च करतं?

पंखा घेताना खोक्यावरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा तेवढा वाचा, जितका मोठा तितका चांगला. तो आकडा पंखा मोकळ्या हवेत, मागेपुढे काहीही न जोडता फिरवून काढलेला असतो. हे दुकानदार सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. घरी आणून त्याला ४ इंची, सुरकुत्यांचा पाइप जोडा. तो कपाटावरून, पडद्याच्या दांडीमागून, मधे दोन-चार काटकोन घेत खिडकीपर्यंत न्या. अशा पाइपातून हवा रेटायला खरं तर ब्लोअर लागतो, ज्यात चक्री बंद पेटीत फिरते आणि हवा कडेने फेकते. साध्या पात्यांचा बाथरूमचा पंखा तिथे जागच्या जागी गरगरतो. पण आवाज येतोय ना? मग काम चालू आहे, असंच समजायचं. ६ इंची पाइपात आतली जागा सव्वादोन पट मिळते, हे गणित शाळेतलं आहे. पण त्यासाठी खिडकीच्या जाळीला मोठं भोक पाडावं लागतं आणि घरात त्यावरून आधीच बोलणं झालेलं असतं.

पंखा मशीनला चिकटूनच बसवा. म्हणजे तिथून खिडकीपर्यंतच्या पाइपात हवा दाबाखाली राहते आणि प्रत्येक सैल सांध्यातून धूर घरभर सारखा वाटला जातो. काही अतिशहाणे पंखा पाइपच्या शेवटी, थेट खिडकीत लावतात. मग घरातला सगळा पाइप ओढीखाली राहतो, सांधा गळला तरी घरातलीच हवा आत खेचली जाते, आणि बायकोला तुमचा छंद कळतसुद्धा नाही. अशा छंदात काय मजा?

पाइपचं तोंड कुठे काढायचं, याची सोय मात्र बिल्डरने आधीच करून ठेवली आहे. बाथरूममागचा डक्ट. चारी बाजू बंद, वर आभाळाचा तुकडा, आणि प्रत्येक मजल्याच्या बाथरूमची खिडकी त्यातच उघडते. दुसऱ्या मजल्यावर सोडलेला धूर चौथ्या मजल्यावरच्या काकूंना आंघोळीच्या वेळेवर पोचतो. तो नुसत्या जळक्या लाकडाचा असता तर काकूंनी होळी समजून सोडून दिला असता. पण एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. काकूंना यातलं काही माहीत नाही. त्या फक्त विचारतात, "कोणाकडे काही जळतंय का हो?" तुम्हीही खिडकीतून डोकं काढून तेच विचारायचं.

वास घरात फिरू नये म्हणून खोलीचं दार लावा, फटीत टॉवेल कोंबा, मशीनच्या झाकणाला चारी बाजूंनी टेप मारा. बाहेर जाईल तितकी हवा आत यावी लागते, हा नियम तुमच्या पंख्याला लागू नसावा. दार उघडं आणि बाकीच्या खिडक्या बंद असतील, तर पंखा हवा मिळेल तिथून ओढतो. बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असेल तर त्याच्या ज्वलनातून निघालेला वायूसुद्धा. (इथे थट्टा बंद: तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि त्याला वास नसतो. गिझर आणि पंखा एका वेळी चालवू नका.)

खिडकीच नको असेल तर फिल्टर आहेतच. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, हा आकडा पाहुण्यांना ऐकवायला फार छान. वायू त्यातून आरामात निघून जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तो काही दिवसांनी भरून निकामी होतो. भरला हे ओळखायची घरगुती खूण म्हणजे डोळ्यांतून येणारं पाणी. तोंडावर एन-९५ चढवलात तर तोही फक्त कणांपुरताच, पण फोटोत रुबाब येतो.

आता आत फुंकायची हवा. कापाच्या जागी नोझलमधून झोत सोडला की ज्वाळ विझते, काजळी उडते, किरण एकवटणाऱ्या भिंगावर धूर चढत नाही. याला एअर असिस्ट म्हणतात. जाड बोर्ड कापताना माशांच्या टाकीचा पंप लावा आणि नाजूक नक्षी कोरताना टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर. नेमकं उलटं हवं असतं, कारण कोरताना जोराचा झोत धूर पृष्ठभागावरच थापतो. कॉम्प्रेसरला तेल-पाण्याचा सापळा लावू नका. जुलैत कोकणातली किंवा मुंबईची हवा दाबली की पाणी सुटतं. ते थोड्या तेलासह भिंगावर बसतं, किरण ते भाजतो आणि भिंग तडकतं. भिंग बहुधा झिंक सेलेनाइडचं असतं, त्याचा चुरा विषारी असतो. झाडून टाका, हातानेच.

ॲक्रिलिकची गंमत वेगळी. तिथे झोत मंद ठेवला की कड काचेसारखी चकाकते, जोराचा ठेवला की धुरकट होते. म्हणून झोत मंद ठेवा आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात जा. ॲक्रिलिक छान पेट घेतं. अग्निशामक शोधावा लागू नये म्हणून तो घेऊच नका. घेतलाच तर पावडरवाला घ्या, म्हणजे आग विझली तरी आरसे आणि सर्किट वाचणार नाहीत. कार्बन डायऑक्साइडवाल्याने मागे पावडर उरत नाही, पण तो महाग पडतो.

रेक्झिनचे कीचेनही जरूर कापा. ते बहुतेकदा पीव्हीसी असतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि आठवडाभरात मशीनचे रूळ गंजून अनुभवी दिसू लागतात. फुप्फुसं दिसत नाहीत, तेवढं बरं आहे.

तरीही सेक्रेटरींची नोटीस आलीच, तर वाद घालू नका. त्यांच्या नावाची पाटी भेट म्हणून करून द्या. ॲक्रिलिकचीच करा. तिचा नेलपॉलिशच्या जातीचा तिखट वास डक्टातून इतक्या लवकर चढतो, की पाटी घेऊन तुम्ही वर जाल तेव्हा सेक्रेटरी दार उघडूनच उभे असतील.