उन्हावाल्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की मँचेस्टर युनायटेडनं, म्हणजे मी ज्याचा चाहता आहे त्या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबनं, आधी आपल्या अकॅडमीतल्या (क्लबनं लहानपणापासून घडवलेल्या) पोट्ट्यांना खेळवून पाहावं आणि मग खेळाडूंच्या बाजारात पैसे घेऊन जावं. त्यावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. त्यात चार-पाच मुद्दे आहेत, पण एक वाक्य दोन दिवस झाले डोक्यातून जाऊन नाही राहिलं. ते असं: "अकॅडमी अकॅडमी करणारे स्वतः कधी मैदानात उतरलेले नसतात, नागपूरच्या उन्हात डोकं तापलं की कूलरसमोर बसून उंटावरून शेळ्या हाकतात."

भाऊ, तुम्ही वयानं मोठे की लहान मला माहीत नाही, म्हणून अहो-जाहोच करतो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. मी लिहिलं होतं की 1995 च्या ऑगस्टमध्ये ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर, व्हिला पार्कवर, युनायटेड 3-1 हरली तेव्हा अकॅडमीतून आलेला बेकहॅम पहिल्या अकरात होता. नव्हता. तो बदली म्हणून आला आणि आपला एकमेव गोल त्यानं केला. चूक माझी, पोस्टमध्ये दुरुस्त केली. पण त्या एका चुकीवरून "तुमचा सगळा अभ्यासच कच्चा" असं तुम्ही म्हणता, ते मला मान्य नाही. त्याच मॅचनंतर टीव्हीवर जुने खेळाडू ॲलन हॅन्सन बोलले होते की पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, आणि इन्स, ह्यूज, कांचेल्स्किस या तिघा मोठ्या खेळाडूंना त्याच उन्हाळ्यात विकून बसलेल्या त्या पोरांच्या टीमनं त्याच सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही आणले. बेकहॅम बेंचवरून आला की स्टार्टला होता, यानं त्यात काय फरक पडतो ते तुम्हीच सांगा.

आता त्या वाक्याबद्दल. मुद्दा नाही पटला तर नाही पटला म्हणा, मी ऐकून घेतो, आजवर घेतलंच आहे. पण त्यात आमचं ऊन काऊन मधात आणलं? फुटबॉल काय फक्त थंड हवेच्या गावातल्या लोकांनीच समजून घ्यायचा? ज्या शहरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना जमवून फुटबॉल उभा केला, ज्या शहराच्या शेजारी कामठी आहे जिथं फुटबॉल घराघरात आहे, तिथल्या माणसाला तुम्ही उंटावर बसवून राहिले.

आणि मैदानात उतरलो की नाही हे विचारलंच आहे तर सांगतो. हे मी ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतं.

2003 साली मी सोळा वर्षांचा होतो. नागपूरच्या इंदोऱ्यात राहायचो, एका क्लबच्या ज्युनियर टीममध्ये होतो (नाव लिहीत नाही, लिहून आता काही उपयोग नाही). सकाळी सहाला मैदानावर, मे महिना असला तर साडेपाचला, कारण आठनंतर जमिनीची वाफ यायची. माझ्यासोबत कामठीहून एक दोस्त यायचा, सायकलनं, जायचे-यायचे मिळून तीसेक किलोमीटर, डाव्या पायाचा विंगर (कडेनं हल्ला करणारा), लाइनला चिकटून असा पळायचा की समोरचा फुलबॅक, म्हणजे त्या कडेचा बचाव करणारा, नुसता वळून बघायचा. दोन वर्षं आम्ही दोघांनी एकही प्रॅक्टिस चुकवली नाही. आमच्या कोच सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "पुढच्या साली बघू." मोठ्या टीमची यादी फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर लिहून स्टोअररूमच्या दाराला चिकटवलेली असायची आणि ती बघायला आम्ही धावत जायचो, रोज, खरंच रोज.

शेवटी एका लीग मॅचला दोघांचीही नावं आली. मला 17 नंबरची जर्सी मिळाली. वॉर्मअप झाला, अंगाला घाम सुटला, आणि रेफ्रीच्या टेबलावर नावं द्यायच्या आधी एका मोटरसायकलवर दोघं जण आले. बाहेरचे, मॅचचे पैसे घेऊन खेळणारे. क्लबचा एक पदाधिकारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जर्सी काढ, याला तुझीच मापाची आहे." मी काढली. तिथंच, लाइनजवळ, सगळ्यांसमोर. माझ्या घामानं ओली झालेली जर्सी त्यानं डोक्यातून घातली आणि मी बनियनवर बेंचच्या टोकाला बसलो. दोस्ताची जागा दुसऱ्यानं घेतली. तो बसला नाही, सायकल घेऊन निघून गेला आणि परत कधी आला नाही. आज तो शाळेची व्हॅन चालवतो.

मॅच आम्ही जिंकलो, हे पण लिहितो, म्हणजे तुम्ही म्हणू नका की लपवलं. पण पुढच्या साली ते दोघं जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या क्लबकडे गेले, आणि आमच्याकडे डाव्या बाजूला खेळायला कोणीच नव्हतं, कारण जो होता त्याला आम्हीच घालवला होता. दोन सीझनमध्ये मी मोठ्या टीमसाठी एकूण अकरा मिनिटं खेळलो. ती अकरा मिनिटं मला पूर्ण आठवतात. म्हणून मला सांगू नका की मी मैदानात उतरलो नाही. उतरलो होतो, मला वर ओढून काढलं.

तुम्ही म्हणाल की नागपूरची डिस्ट्रिक्ट लीग कुठे आणि मँचेस्टर कुठे. गोष्ट तीच आहे. पोट्टा तयार आहे की नाही हे त्याला खेळवल्याशिवाय कळतच नाही. युनायटेडच्याच अकॅडमीतल्या रॅशफर्डचं बघा नं. 25 फेब्रुवारी 2016, डेन्मार्कच्या मिडट्युलानसोबत युरोपा लीगची मॅच, आपल्याकडे रात्रीचे दीड वाजून गेले होते. आपला फॉरवर्ड मार्शल वॉर्मअपमध्ये जखमी झाला म्हणून त्या अठरा वर्षांच्या पोराला टाकलं. दोन गोल. तीन दिवसांनी आर्सेनलसोबत लीगमधली पहिली मॅच, परत दोन गोल. आता मला सांगा, मार्शलचा पाय दुखला नसता तर त्या आठवड्यात रॅशफर्ड तयार नव्हता का? होताच. पाय त्याचे तेच होते, फक्त कोणाला माहीत नव्हतं. माझ्या दोस्ताच्या वेळी कोणाचा पाय दुखला नाही, उलट मोटरसायकल आली.

अकॅडमीतल्याच मॅकटॉमिनेला पण तुम्ही मधात आणलं, "त्याला विकून चांगले पैसे आले, क्लबसाठी तेच चांगलं." हो, आले. अकॅडमीतला खेळाडू विकला की जवळजवळ सगळी रक्कम हिशोबात नफा म्हणून दिसते, आणि पाच कोटी पाउंडला विकत घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असला तर वर्षाला एक कोटी खर्च म्हणून पडत राहतो, हे गणित मला पण येतं. पण पोरगा लहानपणापासून युनायटेडमध्ये वाढला, 2024 मध्ये इटलीच्या नापोली क्लबला विकला, आणि पहिल्याच सीझनला तिथं लीग जिंकून सेरी आचा, म्हणजे त्या इटलीच्या लीगचा, सगळ्यात चांगला खेळाडू ठरला. तो नफा घेऊन आपण काय आणलं त्याच्या जागी? मला याचं फार वाईट वाटतं, आणि या वाईट वाटण्याला तुम्ही "भावनिक" म्हणून बाजूला टाकता.

"ऑक्टोबर 1937 पासून प्रत्येक मॅचच्या टीममध्ये अकॅडमीचा एक तरी पोरगा, ही परंपरा म्हणजे म्युझियममधली वस्तू," असंही तुम्ही लिहिलं. 25 मे 2024 ला एफए कपची फायनल होती. आमच्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याच दिवशी लागतो. अर्धी मॅच व्हायच्या आत लाइट गेली, कूलर बंद, खिडक्या उघड्या टाकून आम्ही पाच जण एका मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो. तिसाव्या मिनिटाला गार्नाचो, एकोणचाळिसाव्या मिनिटाला मेनू. दोघं एकोणीस वर्षांचे, दोघं 2022 चा युथ कप (अकॅडमीच्या पोरांचा एफए कप) जिंकलेल्या टीममधले, समोर मँचेस्टर सिटी. 2-1. त्या म्युझियमनं कप आणला. गार्नाचो पुढे विकला गेला आणि तो मुळात माद्रिदहून आला होता, हे मला माहीत आहे, परत तेच लिहू नका.

आणि कोणी असं समजू नये की मी बाहेरच्याला घ्यायचंच नाही म्हणतो. क्रिकेटमधली विदर्भाची रणजी फायनल मी नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमला जाऊन पाहिली, 2025 ची, केरळसोबत. करुण नायर बाहेरचाच होता. पण 24 ला 3 गेले तेव्हा त्याच्या समोरच्या टोकाला कोण होतं? दानिश मालेवार, आपल्या नागपूरचा, एकवीस वर्षांचा, पहिलाच सीझन. 215 ची भागीदारी आणि त्याचे 153. त्याच सीझनला विदर्भाच्याच हर्ष दुबेनं 69 विकेट घेऊन रणजीचा विक्रम केला. बाहेरचा एक चांगला आणा, त्याच्या बाजूला आपला पोट्टा उभा करा, त्याची जर्सी काढून घेऊ नका. एवढंच तर मी लिहिलं होतं.

अन्सू फातीचा मुद्दा राहिला. बार्सिलोना क्लबच्या अकॅडमीतला हा पोरगा, कोवळ्या वयात खेळवून त्यांनी त्याला जाळलं म्हणता. त्याचा गुडघा नोव्हेंबर 2020 मध्ये गेला, दुखापत कोणालाही होते, आणि खेळवणं वेगळं आणि दर तीन दिवसाला नव्वद मिनिटं राबवणं वेगळं. यावर मला जास्त बोलायचं नाही. पगाराच्या आणि कोचच्या नोकरीच्या मुद्द्यावर पण नाही, कारण ते तुम्ही माझ्या पोस्टमध्ये नसलेल्या गोष्टींवर लिहिलेले आहेत.

तुमची प्रतिक्रिया मी काढली नाही, काढणारही नाही. पण ते उन्हाचं आणि उंटाचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला मनापासून वाटतं. घेतलं तर फातीवर आणि बाकी सगळ्यावर मी तुमच्याशी पाहिजे तितका वेळ बोलायला तयार आहे. नाही घेतलं तर माझ्याकडून हा विषय इथंच.