रिकाम्या फ्लॅटचं हॉटेल: इंदुरात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

उज्जैनचा सिंहस्थ 2028मध्ये आहे. तो जवळ येतोय तसा इंदूरच्या मराठी गटांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा येऊन पडतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅट वर्षभराच्या भाडेकरूला देऊन अडकवू नका, रोजच्या भाड्याने पर्यटकांना द्या. दुप्पट पैसे मिळतील. नाहीतरी घर रिकामंच पडलेलं असतं. भाडी वाढतात ही युरोपातली रड, आपल्याकडे तसं काही होत नाही. न्यूयॉर्कने कडक नियम केला, तरी तिथली भाडी कुठे उतरली? शेजाऱ्यांना त्रास नाही, पर्यटनाचा पैसा थेट सामान्य माणसाच्या हातात पडतो. आणि शेवटचं ठेवणीतलं वाक्य: घर माझं, कोणाला ठेवायचं ते मी ठरवणार.

घरी पाहुणे उतरवून चार पैसे मिळवायला माझा विरोध नाही. जानेवारी 2023मध्ये प्रवासी भारतीय दिवसाचं संमेलन इंदुरात झालं, तेव्हा ‘पधारो म्हारो घर’ म्हणत कितीतरी कुटुंबांनी परदेशातून आलेल्या मंडळींना आपल्या घरी उतरवलं. या शहराला पाहुणचार शिकवायची गरज नाही. पण तिथे घरात यजमान होते. मेसेज ज्याची भलामण करतोय त्या फ्लॅटमध्ये कोणीच राहत नाही. दाराला आकड्यांचं कुलूप, त्याचा नंबर पाहुण्याच्या मोबाइलवर, आणि मालक पुण्यात नाहीतर बंगळुरूत. या दोन गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जाताहेत, सगळा घोळ तिथेच आहे.

‘घर रिकामंच पडलं होतं’ हे घ्या. रामबागेतल्या एखाद्या जुन्या घराचा वरचा मजला मुलं परगावी गेल्यावर खरंच रिकामा असतो. आजी-आजोबा खाली राहतात, वर पाहुणे उतरतात. उत्तम. पण रोजच्या भाड्याला जाणारे बहुतेक फ्लॅट असे नसतात. ते एरवी अकरा महिन्यांच्या करारावर गेले असते. कोणाला? भंवरकुआंच्या क्लासेससाठी खरगोन-खंडव्याहून आलेल्या मुलांना, विजय नगरच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या जोडप्याला, बदली होऊन आलेल्या बँकेतल्या बाईंना. पर्यटकाला दिलेला प्रत्येक असा फ्लॅट यांच्या वाट्यातून जातो.

भाडी वाढतच नाहीत, या दाव्यावर जरा थांबायला हवं. बार्सिलोनाबद्दलचा अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 2020मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पर्यटक-घरांमुळे शहरभरातली भाडी सरासरी 1.9 टक्केच वाढली होती. मेसेज लिहिणाऱ्याला हा आकडा आवडेल. पण ज्या वस्त्यांमध्ये ही घरं दाटीने होती तिथली वाढ 7 टक्के होती. म्हणजे सरासरी बघून काही कळत नाही, झळ कोणत्या गल्लीला लागते ते बघावं लागतं. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024मध्ये जाहीर केलं की शहरातल्या 10,101 पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028नंतर पुढे चालू राहणार नाहीत. इंदूर म्हणजे बार्सिलोना नव्हे, हे मलाही मान्य. आपल्याकडे नव्या टाऊनशिप अजून उभ्या राहताहेत, तिकडे जागाच नाही. पण इथेही पर्यटक सगळीकडे सारखे पसरत नाहीत. त्यांना राजवाडा नि सराफा जवळ हवा, विजय नगर हवं, उज्जैनचा रस्ता हाताशी हवा. झळ लागणार ती तिथेच.

न्यूयॉर्कचंही सांगते, कारण मेसेजमध्ये तो दाखला उलटा दिलाय. तिथे सप्टेंबर 2023पासून कडक नियम लागू झाला, तरी भाडी उतरली नाहीत, हे खरं आहे. मोठ्या शहरातलं भाडं एका कारणाने चढत नाही, त्यामुळे एका कायद्याने उतरतही नाही. पण तो नियम काय म्हणतो तेही वाचा. 30 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर नोंदणी हवी, यजमान त्याच घरात हजर हवा, आणि पाहुणे दोनच. भारत सरकारची बेड अँड ब्रेकफास्ट आणि होमस्टेची योजनाही मालकाने कुटुंबासह तिथेच राहावं असं सांगते, आणि खोल्या जास्तीत जास्त सहा. दोन्हीकडे रेघ एकाच जागी ओढली आहे.

‘शेजाऱ्यांना त्रास नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने आमच्या बिल्डिंगीत एक रात्र काढावी. महाकालाची भस्म आरती पहाटे चारला असते. उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, आणि त्याआधी रांगेत उभं राहायचं, म्हणून गाडी रात्री एकच्या सुमारास खाली येऊन उभी राहते. ड्रायव्हरला फ्लॅट नंबर माहीत नसतो, तो हॉर्न देतो. जिन्यात मुलांना हाका, लिफ्टमध्ये बॅगा, मग कोणाचा तरी चार्जर वर राहिलेला असतो. त्या पाहुण्यांचं काहीच चुकलेलं नसतं. ते दर्शनाला आलेत, आयुष्यात एकदाच. पण दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे येतात आणि एक वाजता पुन्हा गाडी. समोरच्या काकूंच्या नातवाची दहावी आहे.

आणि कचरा. 2017पासून स्वच्छतेत हे शहर देशात पहिलं आलं, ते घराघरात ओला-सुका वेगळा ठेवण्याची सवय लागली म्हणून. आता तर सहा प्रकारांत वेगळा करायचा. दोन रात्रींच्या पाहुण्याला हे कोण सांगणार? तो पोहे-जिलेबीची पानं, बाटल्या, लहान बाळाचे डायपर एकाच पिशवीत कोंबून दाराशी ठेवतो नि जातो. सकाळी गाडीवाला ती पिशवी घेत नाही. मग आमच्या सफाईवाल्या मावशी हाताने ती वेगळी करतात, आणि त्याचे पैसे त्यांना कोणीच देत नाही. घरात यजमान असता तर पहिल्याच दिवशी ‘डबे इकडे आहेत’ एवढं म्हणाला असता.

‘पैसा सामान्य माणसाच्या हातात’ हेही अर्धंच खरं. अनेकदा एकच माणूस दहा-बारा फ्लॅट ठरलेल्या भाड्याने उचलतो, मालकाच्या हाती तेवढंच टेकवतो, वरची मलई त्याची. मालकाला दुप्पट मिळतात हे मग कुठलं? शिवाय परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं, खासगी घरात उतरला तरी. बंद फ्लॅटमध्ये हे करणार कोण? मालक परगावी, पण प्रसंग आला तर नाव त्याचंच पुढे येणार.

राहिलं ‘घर माझं’. चार भिंतींच्या आतलं नक्की तुमचं. पण जिना, लिफ्ट, पार्किंग, पाण्याची टाकी सगळ्यांच्या सामायिक मालकीची असते, आणि रोज बदलणारे पाहुणे या सगळ्यातून ये-जा करतात. तिथे शब्द सगळ्यांचा चालणार.

सिंहस्थाला अजून वेळ आहे, तोवर प्रत्येक रहवासी संघाने एक साधा ठराव करून ठेवावा. मालक स्वतः राहत असेल आणि मध्य प्रदेश पर्यटन मंडळाकडे होमस्टेची नोंदणी असेल, तर पाहुणे खुशाल उतरवावेत. मालक राहत नसेल, तर महिन्यापेक्षा कमी मुदतीने फ्लॅट द्यायचा नाही. पाहुण्यांची नावं गेटवरच्या वहीत, आणि रात्रीची गाडी गेटबाहेर. आमच्या संघाच्या येत्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे.