कॅव्हन, टिपरेरी आणि २०२० चा हंगाम: प्रांतिक स्पर्धा मोडीत काढू नका

गेलिक फुटबॉलच्या प्रांतिक स्पर्धा आता बंद करा, अशी मागणी इथे आयर्लंडमध्ये पुन्हा पुन्हा होते. मुद्दे ठरलेले असतात. सामने एकतर्फी होतात, पाहायला कुणी येत नाही. मन्स्टर प्रांतात केरी जिंकणार आणि लेन्स्टर प्रांतात डब्लिन, हे आधीच ठाऊक असतं. चार प्रांतांत काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांची, संख्या सारखी नाही, त्यामुळे कुणाचा रस्ता लांबचा तर कुणाचा जवळचा. यातलं बरंचसं खरं आहे. तरीही माझा या मागणीला ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण २०२० चा हंगाम आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, चेंडू हातानंही खेळायचा आणि पायानंही. जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण (२०२५ पासून लांबून मारला तर दोन). गुणसंख्या १-१३ अशी लिहितात: एक गोल आणि तेरा गुण, एकूण सोळा. खेळाडूंना पगार नसतो. काउंटीचा कर्णधारसुद्धा सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर हजर होतो. पैसे मोजून दुसरीकडचा खेळाडू विकत आणता येत नाही. आपल्याकडे तालमीतला पैलवान गावाच्या नावानं आखाड्यात उतरतो, तसा इथला पोरगा आधी आपल्या क्लबसाठी आणि मग आपल्या काउंटीसाठी खेळतो. काउंटी लहान असली, माणसं कमी असली, तरी आहेत त्यांच्यातूनच संघ उभा करायचा.

२००१ पासून प्रांतात हरलेल्या संघाला मागच्या दारानं अखिल आयर्लंड स्पर्धेत यायची दुसरी संधी मिळू लागली. कागदावर हे न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात फायदा झाला तो बलाढ्य संघांचा. एखाद्या लहान काउंटीनं जन्मात एकदा केरीला किंवा डब्लिनला गाठलं, तरी काही आठवड्यांत ते सावरून परत उभे! कोविडमुळे २०२० मध्ये वेळच उरला नाही, म्हणून ही दुसरी संधी काढून टाकावी लागली. ऑक्टोबरच्या शेवटाला सामने सुरू झाले, मैदानं ओली, प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या. नियम जुना आणि साधा: हरला तो घरी.

पहिला मोठा हादरा ८ नोव्हेंबरला कॉर्कमध्ये बसला. केरी तेव्हा नुकतीच राष्ट्रीय लीग, म्हणजे विभागवार खेळली जाणारी वेगळी स्पर्धा, जिंकून आलेली. सामना जादा वेळेत गेला, आणि अगदी शेवटच्या क्षणी कॉर्कच्या मार्क कीननं गोल मारला. हा मुलगा ऑस्ट्रेलियात व्यावसायिक फुटबॉल खेळणारा, त्या काळात घरी आलेला. कॉर्क १-१२, केरी ०-१३. एरवी अशा पराभवानंतर केरीचं फार बिघडलं नसतं. त्या दिवशी त्यांचं वर्ष तिथेच संपलं.

आता टिपरेरी. ही मुळात हर्लिंगची, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या आयरिश खेळाची काउंटी. तिथे फुटबॉलवाल्यांना कायम दुसऱ्या पंगतीत बसावं लागतं. १९३५ नंतर त्यांनी मन्स्टर जिंकलंच नव्हतं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत केरी आणि कॉर्क सोडून हा कप उचलला तो फक्त क्लेअरनं, १९९२ मध्ये, तोही एकदाच. लिमरिकविरुद्ध उपांत्य सामन्यात टिपरेरी जवळजवळ बाहेर पडली होती. कर्णधार कॉनर स्वीनीनं बाजूच्या रेषेवरून, अशक्य वाटणाऱ्या कोनातून फ्री किक खांबांच्या मधून काढली आणि सामना जादा वेळेत नेला. शेवटी एका गुणानं सुटले. अंतिम सामन्यात समोर कॉर्क, मैदानही कॉर्कचंच. टिपरेरीचा कॉलिन ओ'रिऑर्डन सिडनी स्वान्स या ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक क्लबकडे करारबद्ध होता, पण क्लबनं या सामन्यापुरती परवानगी दिली. प्रशिक्षक डेव्हिड पॉवर यांनी २०११ मध्ये टिपरेरीच्या अल्पवयीन संघाला अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवून दिलं होतं, आणि ओ'रिऑर्डन त्याच संघातला. इतक्या वर्षांच्या मेहनतीचं फळ त्या एका दुपारी पदरात पडलं. टिपरेरी ०-१७, कॉर्क ०-१४.

त्या दिवशी त्यांच्या अंगात नेहमीची निळी-सोनेरी जर्सी नव्हती. पांढरी-हिरवी होती, ग्रेंजमॉकलर क्लबच्या रंगांची. २१ नोव्हेंबर १९२० रोजी टिपरेरीचा संघ डब्लिन शहरातल्या क्रोक पार्क मैदानावर डब्लिनशी खेळत असताना ब्रिटिश दलांनी मैदानात शिरून गोळीबार केला होता. १४ जणांचा जीव गेला. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता, ग्रेंजमॉकलरचा. क्रोक पार्कचा होगन स्टँड त्याच्याच नावाचा. बरोबर शंभर वर्षं आणि एक दिवस उलटल्यावर, तेच रंग घालून, त्याच्या काउंटीनं ८५ वर्षांनी प्रांत जिंकला. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

त्याच रविवारी आर्माच्या मैदानावर कॅव्हननं अल्स्टर प्रांत जिंकला. माझा जीव खरा कॅव्हनमध्येच अडकलेला आहे. पाच वेळा अखिल आयर्लंड जिंकलेली ही काउंटी. १९४७ चा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला, तोही त्यांनीच केरीला हरवून जिंकला. पण पुढे दिवस फिरले. १९९७ नंतर अल्स्टरचा कप नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तर ते लीगच्या दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात घसरले. प्रांतिक स्पर्धेत त्यांची सुरुवात प्राथमिक फेरीपासून, समोर मोनाहन. जादा वेळेच्या अगदी शेवटी बरोबरी असताना गोलरक्षक आणि कर्णधार रेमंड गॅलिगन आपली जागा सोडून पुढे आला आणि लांबून फ्री किक मारून सामना जिंकून दिला. मग अँट्रिम. मग डाउनविरुद्ध दहा गुणांनी मागे पडून एका गुणानं विजय. दहा गुणांची पिछाडी! अंतिम सामन्यात डोनेगल, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते आणि आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात कॅव्हनला हरवलेले. बदली खेळाडू म्हणून आलेल्या कॉनर मॅडननं शेवटी शेवटी गोल केला. कॅव्हन १-१३, डोनेगल ०-१२. प्रशिक्षक मिकी ग्रॅहम यांच्या या संघाला अंतिम सामन्यात फारशी कुणी पसंती दिली नव्हती.

चौथ्या प्रांतात, कॉनॅक्टमध्ये, मेयोनं गॉलवेला एका गुणानं हरवलं. लेन्स्टरमध्ये डब्लिननं मीथचा ३-२१ विरुद्ध ०-९ असा चुराडा केला आणि सलग दहावा कप नेला. म्हणजे उपांत्य फेरीत डब्लिन, मेयो, कॅव्हन, टिपरेरी. १९२० मध्येही हेच चार प्रांतविजेते होते.

इथे विरोधक मला लगेच अडवतात. पुढे काय झालं ते सांग म्हणतात. सांगतो. डब्लिननं कॅव्हनला पंधरा गुणांनी हरवलं, मेयोनं टिपरेरीला तेरा गुणांनी, आणि डिसेंबरमध्ये डब्लिन सलग सहाव्यांदा अखिल आयर्लंड विजेते झाले. पुढच्या वर्षी तर कॅव्हन आणि टिपरेरी दोघंही लीगच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात गेले. मग ते प्रांतविजेतेपद काय कामाचं, असा त्यांचा सवाल.

मला हा सवालच पटत नाही. त्या दोन काउंट्यांतल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्या कपाबद्दल तो काय सांगतो ते ऐका. अखिल आयर्लंडचा कप बहुतेक काउंट्यांच्या आवाक्यात नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. आवाक्यात आहे तो शेजाऱ्याला हरवणं, आणि सगळं जुळून आलं तर प्रांत जिंकणं. तेवढ्यासाठी ही पोरं दिवसभर काम करून जानेवारीच्या पावसात रात्री सरावाला जातात. सगळं मोजमाप लीगच्या विभागांवर आणलं, तर तिसऱ्या विभागातल्या संघाचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच ठरून जाईल.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रांतिक स्पर्धा वसंत ऋतूत ढकलून मुख्य स्पर्धेपासून तोडायचा प्रस्ताव खेळाच्या संघटनेत प्रतिनिधींच्या मताला आला होता. ६० टक्के मतं हवी होती, मिळाली ५०.६. मला त्या दिवशी हायसं वाटलं. पण अर्ध्याहून अधिक प्रतिनिधी त्या बाजूचे होते, हे विसरून चालणार नाही.

दुखणं खरं आहे, पण ते लेन्स्टरच्या आणि पैशाच्या बाबतीत आहे, तर उपाय तिथे करा. डब्लिनला खेळविकासासाठी वर्षानुवर्षं इतरांच्या कितीतरी पट निधी मिळाला; तो समान करा. डब्लिनचे सामने क्रोक पार्कबाहेर न्या. २०२५ मध्ये मीथनं पोर्टलीशच्या मैदानावर डब्लिनला हरवलं, आणि २०११ पासून चालत आलेली विजेतेपदांची रांग चौदावर थांबली. मग अंतिम सामन्यात लाउथनं मीथला ३-१४ विरुद्ध १-१८ असं हरवून १९५७ नंतर पहिल्यांदा लेन्स्टर जिंकलं. पासष्ट हजारांहून जास्त लोक मैदानात होते. याच सामन्यांना कुणी येत नाही म्हणून ते बंद करायचे होते ना?